लिहायला वयोगट कशाला? वाचनालयांनी रविवारचे दोन तास द्यावेत

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

एप्रिल लागला की वर्तमानपत्राच्या घडीतून उन्हाळी शिबिरांची पत्रकं पडायला लागतात. पोहणं, नृत्य, अबॅकस, सुंदर हस्ताक्षर आणि यंदा एका पत्रकात चक्क ‘कथा-कविता लेखन’. मला फार बरं वाटलं. मग खालची ओळ वाचली : वयोगट ८ ते १४. चार दिवसांनी दुसरं पत्रक आलं, तेही लेखनाचंच, पण फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी. मुलं एका खोलीत, म्हातारी माणसं दुसऱ्या खोलीत आणि मधल्या वयाची माणसं घरी. या विभागणीबद्दलच मला लिहायचं आहे, कारण लेखनाच्या कार्यशाळेतला जीव नेमका तिथेच जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी टपाल खात्यातून निवृत्त झाले. बरीच वर्षं खिडकीवर बसले. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुरासाठी चिमूटभर जागा असायची. हळदीच्या अडतीवरचे हमाल, बांधकामावरचे मजूर माझ्याकडून ती भरून घ्यायचे. “पैसं मिळाल्याचं कळवा, म्हशीचं काय झालं ते बी कळवा.” दोन ओळींत अख्खं घर उभं करणारी ही माणसं स्वतःला ‘आम्हाला लिवाय येत न्हाई’ म्हणायची. तेव्हापासून माझ्या मनात होतं, की यांना कुणीतरी वही-पेन देऊन निवांत बसवलं पाहिजे.

म्हणून दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका संस्थेच्या लेखन कार्यशाळेला मी हौसेने गेले. वेळ सकाळी दहाची. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ यांत साडेअकरा झाले. मग पाहुणे साहित्याच्या प्रयोजनावर बोलले. चांगलं बोलले, पण दीड तास बोलले. जेवणं झाली, प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाला. मी नेलेली शंभर पानी वही कोरीच्या कोरी घरी आली. माझ्या शेजारच्या बाई दोन एसट्या बदलून आल्या होत्या. चपला घालताना त्या एवढंच म्हणाल्या, “लिवून घेत्याल वाटलं हुतं.” त्यांचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही सात-आठ जणांनी हरिपुरात एका घराच्या सोप्यावर बसायला सुरुवात केली. दर रविवारी दुपारी तीन ते पाच. एक सतरंजी, एक माठ आणि ज्याची त्याची वही. हळूहळू आम्ही सतरा जण झालो. सगळ्यांत धाकटी सातवीतली मुलगी, सगळ्यांत थोरले आजोबा ७८ वर्षांचे. मध्ये एक शिवणकाम करणारी ताई, कॉलेजची दोन मुलं, एक रिक्षावाले दादा, दोन शिक्षिका. रीत अगदी साधी. एक शब्द किंवा एखादी वस्तू द्यायची, दहा मिनिटं गप्प बसून लिहायचं आणि मग वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याने ‘छान आहे’ म्हणायचं नाही. काय लक्षात राहिलं ते सांगायचं आणि एक प्रश्न विचारायचा. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ कुणी काढायचं नाही, आणि घरात जशी बोलतो तशी भाषा चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, शेजाऱ्याने उतरवून घ्यायचं.

तिसऱ्या रविवारी शब्द होता ‘अंधार’. आजोबांनी पेवाबद्दल लिहिलं. हरिपूरची पेवं बाहेरच्या वाचकांना माहीत नसतील. इथल्या घट्ट मातीत दोन-तीन पुरुष खोल खड्डे घेऊन त्यांत हळद साठवत. तोंड अरुंद, आत रांजणासारखं पोट. तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं बाद झाली. आजोबांच्या वहीत मात्र चारच ओळी होत्या : “पेव उघडलं की लगी उतरायचं न्हाई. कंदील सोडायचा. इझला तर माणूस सोडायचा न्हाई. आत वारं नसतंय.”

आम्ही मोठी माणसं ‘वा’ म्हणून गप्प बसलो असतो. नियम असूनही आमच्यापैकी कुणाला प्रश्न सुचला नाही. सातवीतल्या मुलीने विचारलं, “आजोबा, विझलेला कंदील बघूनसुद्धा कुणी उतरलं होतं का?”

आजोबा काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी अडीच पानं लिहून आले. ट्रक दारात उभा होता, अडत्याची घाई चालली होती आणि त्यांचे थोरले भाऊ ‘काय होत नाही’ म्हणत दोर धरून खाली गेले होते. त्यांना वर काढलं तेव्हा अंगाखालची हळद केसांत, कानांत, मिटलेल्या पापण्यांवर होती. लिंबाखाली निजवून पाणी मारलं, तेव्हा घटकाभराने डोळे उघडले. ही गोष्ट आजोबांनी घरात कधी सांगितली नव्हती. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडला आणि उरलेलं अर्धं पान त्याच मुलीने वाचलं.

ज्येष्ठ नागरिकांच्या वेगळ्या खोलीत हा प्रश्न कुणी विचारला असता? तिथल्या सगळ्यांना पेव माहीत. आणि मुलांच्या वेगळ्या खोलीत पेव आलंच नसतं.

मुलीलाही या मिसळीचा तेवढाच फायदा झाला. २०१९चा पूर आला तेव्हा ती पहिलीत होती. शाळेच्या वहीत तिने पुरावर निबंध लिहिला होता, तो तिने आम्हाला दाखवला. ‘निसर्गाचा प्रकोप झाला, सर्वत्र हाहाकार माजला.’ अक्षर मोत्यासारखं. शिवणकामाच्या ताईंनी विचारलं, “बाळा, तुझं काय काय भिजलं?” मग तिने लिहिलं : “माझ्या दप्तराला चिखलाचा वास येत होता. आईने ते तीनदा धुतलं. चौथ्यांदा धुतलं नाही, टाकून दिलं.” हे ऐकून रिक्षावाले दादा उठून माठाकडे गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. त्या दिवशी त्यांनीही पहिल्यांदा पुराबद्दल लिहिलं.

हल्ली मोबाइलवर मागितला की पुराचा निबंध अर्ध्या मिनिटात मिळतो, असं आमच्यातल्या कॉलेजच्या मुलांनी सांगितलं. मिळू दे. त्या दप्तराचं कुठून मिळणार?

संपादक महोदय, सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. १८४३ साली इथे काय घडलं होतं ते आठवू या. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, की असं काही मराठीत कर. आणि पाठबळ दिलं. तेव्हा ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. गुण भाव्यांचे होतेच, पण ‘तू कर, मी आहे’ असं म्हणणारं माणूसही होतं. याच जिल्ह्यात वाटेगावला जन्मलेले अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. माणदेशाच्या बोलीला व्यंकटेश माडगूळकरांनी मराठी साहित्यात मानाने बसवलं. आपल्या मातीत लिहिणारे कमी नाहीत. दर संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला माणसं गावोगावहून येतात, मांडी घालून ऐकतात. ऐकायची जागा आपल्याकडे आहे. लिहायला बसायची जागा नाही.

ती जागा आपल्याच गावात बंद असते. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित सार्वजनिक वाचनालयं उभी राहिली. बऱ्याच ठिकाणी रविवारी दुपारी वाचन-कक्षाला कुलूप असतं किंवा आत एखादं-दुसरं माणूस पेपर चाळत असतं. माझी वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना हात जोडून विनंती आहे, की रविवारचे ते दोन तास लिहिणाऱ्यांना द्या. वयाची अट घालू नका. उद्घाटन नको, पाहुणे नकोत, स्पर्धा आणि क्रमांक तर मुळीच नकोत. क्रमांक आला की दप्तराबद्दल लिहिणारी मुलगी पुन्हा ‘हाहाकार’ लिहायला लागते.

एक गोष्ट मात्र पैशाची आहे. गट चालवणाऱ्याला फुकटात राबवू नका. आमच्या एक शिक्षिका आठवडाभर शाळा करून रविवारी येतात, सतरा वह्या वाचतात. तबला शिकवणाऱ्याला आपण बिदागी देतो, मग लिहितं करणाऱ्याला मानधन द्यायला संकोच का वाटावा? सत्काराच्या शाली वाचवल्या तरी बरंचसं भागेल.

आणि त्या वह्या जपा. २०१९च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली जुनी पुस्तकं भिजली, तेव्हा शहर हळहळलं. छापलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी सापडण्याची आशा असते. आजोबांच्या पेवाची एकच प्रत आहे, निळ्या शाईतली, आणि ती नदीपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात आहे. वाचनालयाने वरच्या मजल्यावर एक कपाट द्यावं, मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवावेत. याला वेगळी योजना लागत नाही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतील. तोवर हाताशी काही रविवार आहेत. कुठल्याही एका वाचनालयाने दार उघडलं तर सतरंजी आमची आणि माठही आमचा. आजोबांची पहिली वही गेल्या आठवड्यात भरली. त्यांनी दुसरी मागून घेतली आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
हरिपूर, ता. मिरज, जि. सांगली