घोडे बाहेर का झुकत नाहीत

प्रिय विनू,

पत्र आणि जत्रेतल्या घोड्यांच्या चक्राच्या तुझ्या मॉडेलचे फोटो, दोन्ही पोचले. घोडे झकास जमलेत. त्या काळ्याच्या आयाळीवर तू किती रात्री काढल्यास ते वहिनींनाच विचारायला हवं! पण आधी तुझी तक्रार घेतो. चक्र सुरू केलं तरी घोडे बाहेर झुकत नाहीत, मेल्यासारखे सरळ लोंबतात, असं तू लिहिलंयस.

यात तुझ्या हाताचा काही दोष नाही. तू सगळं दहापट लहान केलंस, गुरुत्वाकर्षण मात्र आहे तेवढंच राहिलं. घोडा किती कलेल हे मध्यापासूनच्या अंतरावर आणि फिरण्याच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. मोठ्या चक्रात घोडा मध्यापासून साडेपाच मीटरवर आहे आणि चक्र मिनिटाला ६ फेरे घेतंय असं धर. घोडा ज्या दांड्यावर लोंबतो तो १२-१३ अंश कलतो. तुझ्या मॉडेलमध्ये तेच ६ फेरे ठेवले तर जेमतेम सव्वा अंश! तेवढाच कल हवा असेल तर वेग दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे तिपटीहून थोडा जास्त वाढवावा लागेल. १९ फेरे झाले. पण ते बघवत नाही, घोडे पिसाळल्यासारखे वाटतात. मी १२ वर थांबलो असतो. पाच अंश कल मिळतो आणि डोळ्यांना खटकत नाही. दांड्याचं खालचं टोक मात्र फलाटात घट्ट बसवू नकोस, बाहेर सरकायला लांबट खाच ठेव.

आता मोटरचं. टेबलाखाली मोटर लपवायची म्हणतोस. लपव बापडा, पण मग या यंत्रातली खरी गंमत गेली. इंग्लंडातल्या जत्रेत आधी हे चक्र पोरं नाहीतर तट्टू ओढायचे. १८६० च्या दशकात वाफ आली, आणि किंग्ज लिन गावचा फ्रेडरिक सॅव्हेज या धंद्यात उतरला. मूळचा शेतीची यंत्रं बनवणारा माणूस. पुढे गावाचा महापौर झाला आणि १८९२ मध्ये, तो हयात असतानाच, गावाने त्याचा पुतळा उभारला. मला तो आवडतो तो एका गोष्टीसाठी. इंजिन त्याने बाजूला ठेवलं नाही, चाकांच्या गाड्यावर बसवून थेट चक्राच्या मधोमध आणलं. धुराडं मधल्या पोकळ खांबातून वर छतापार गेलं. जत्रा उठली की तोच गाडा पुढच्या गावी निघायचा, म्हणजे मुख्य यंत्र उचलून चढवायची भानगडच नाही.

खऱ्या चक्राची वरची रचना तर तू फोटोंवरून ओळखलीच आहेस, तरी सांगतो. इंजिनातून एक उभा दांडा वर जातो, त्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक वरच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. घोडे, फलाट, माणसं, सगळं वरच्या तुळयांना टांगलेलं. प्रत्येक तुळईवर क्रँकचा, म्हणजे मधे बाक दिलेला, दांडा असतो, त्याचं आतलं टोक बेव्हल गिअरने (तिरक्या दातांच्या चाकाने) मधल्या न फिरणाऱ्या दातेरी चाकावर धावतं. म्हणून चक्र फिरलं की क्रँक आपोआप फिरतो आणि घोडा वरखाली होतो. घोड्यांसाठी वेगळं इंजिन लागत नाही! ऑर्गनला मात्र बहुधा दुसरं छोटं इंजिन असे. एकाच इंजिनावर दोन्ही चालवली तर चक्र मंदावताना गाणंही रडायला लागेल.

वाफेचं इंजिन जागच्या जागी, शून्य वेगालाही पूर्ण जोर देतं. भरलेलं चक्र हलवायला नेमका तोच हवा. चालक वाफेची झडप हळूच उघडतो, खांबात पहिला फुसकारा घुमतो, घोडे हलतात न हलतात तोच दुसरा. थांबवतानाही झडप आधी बंद करतो आणि चक्राला आपल्याच वेगात फिरत मंदावू देतो, ब्रेक शेवटी. म्हणून तुझ्या गिअरमधला वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आट्यांचा दांडा, काढून टाक. वर्म चाकाकडून उलटा फिरत नाही, त्यामुळे इंजिन थांबलं की चक्र खटकन थांबतं, घोडे हेलकावतात. त्याऐवजी आधी पट्टा, मग साधी दातेरी चाकं. पट्टा सुरुवातीला थोडा घसरतो, तेही पथ्यावरच पडतं.

मोटरऐवजी तुझ्याकडचं झुलत्या सिलिंडरचं छोटं वाफेचं इंजिनच लाव, त्याला कमी लेखू नकोस. स्वतंत्र झडप नाही. सिलिंडरच झुलतो आणि त्याचं भोक एकदा वाफेच्या भोकासमोर, एकदा बाहेरच्या भोकासमोर येतं. गार सिलिंडरात वाफेचं पाणी होतंच, आणि लहान सिलिंडरात जास्त, कारण आतल्या जागेच्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ मोठं. हे पाणी साचलं की सिलिंडर त्याला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगविरुद्ध किंचित उचलला जातो आणि पाणी थुंकतो. सरकत्या झडपेच्या इंजिनात एवढ्यावर भागत नाही, तिथे पाणी सोडायची तोटी लागते, नाहीतर पिस्टन पाण्यावर आदळतो. फक्त मोकळं धावताना तुझं हे पिल्लू इंजिन मिनिटाला हजारावर फेरे सहज घेतं, तेव्हा वेग साधारण शंभराला एक असा उतरवायला लाग.

तांब्याचा बॉयलर चांदीच्या डाकाने जोडला असशीलच, साधं कथील तिथे चालत नाही. पेटवण्याआधी हातपंपाने काठोकाठ पाणी भर, हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस, आणि कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतो का ते बघ. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी थेंब गळेल, स्फोट होणार नाही. हवेने चाचणी करायचा मोह होईल, ते चुकूनही करू नकोस. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ते भोक आधी बुचाने बंद कर, नाहीतर तोच उघडेल आणि तू मला रात्री फोन करशील.

काटा किती वेळ स्थिर राहिला ते कळव.

तुझा,
अव्या