कक्षा म्हणजे रूळ नव्हे

संपादक महोदय,

‘एकदा कक्षेत सोडलं की यान आपलं फिरत राहतं,’ असं परवा चहाच्या टपरीवर ऐकलं. आपल्या मंगळयानाचंच बघा. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाभोवती फिरू लागलं. कक्षेचं जवळचं टोक सुमारे ४२२ किलोमीटरवर, लांबचं जवळजवळ ७७ हजारांवर. एक फेरी तीन दिवसांची. पण मंगळ विषुववृत्तापाशी फुगीर, त्यात सूर्याचीही ओढ. त्यामुळे कक्षा हळूहळू सरकत राहते. यान तासन्तास मंगळाच्या सावलीत राहिलं तर बॅटरी संपणार, म्हणून जानेवारी २०१७ मध्ये इंधन खर्चून कक्षा बदलावी लागली. एप्रिल २०२२मध्ये मात्र यान अशाच लांबलचक ग्रहणात, म्हणजे मंगळाच्या सावलीत, सापडलं आणि त्यानंतर संपर्क तुटला. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान साडेसात वर्षं टिकलं, हे मला तेव्हा टपरीवर सुचलंच नाही!

– एक वाचक, सातारा