शाल परत पाठवतो आहे, मीटर परत द्या

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी आमच्या समाजमंदिरातलं वीजमीटर काढून नेलं. थकबाकी ४,३१० रुपये. आत दहावीची ११ आणि पोलिस भरतीची ६ पोरं अभ्यासाला बसली होती. मीटर नेणारा खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, वरून आदेश आहे." तोही माझाच विद्यार्थी.

दिवसभर कापूस वेचून आलेली एक पोरगी, बोटांवर बोंडांचे ओरखडे, मोबाइलच्या उजेडात प्रमेय लिहीत राहिली. बॅटरी उतरेल म्हटलं तर म्हणते, "उतरू द्या जी, पायथागोरस संपतच आला."

गेल्या २६ जानेवारीला तुम्हीच माइकवर म्हणालात, अभ्यासिकेचं बिल आता गुरुजींच्या पेन्शनीतून जाणार नाही, ते माझ्याकडे लागलं. टाळ्या पडल्या. मला शाल-श्रीफळ मिळालं. नारळाची त्याच रात्री चटणी झाली, शालीची घडी अजून मोडलेली नाही. तुमच्या माणसाने बिलं पंचायतीत द्यायला सांगितली, म्हणून मी भरणं थांबवलं. गाढवपणा माझा.

मागणं एवढंच: मीटर लावून द्या. जमलं तर छताचे गळके पत्रेही बघा.

ग्रॅच्युइटी १४ महिने उशिरा आली, तीही पुस्तकं आणि रॅकमध्ये गेली. गुडघ्याचं ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. २०२३ मध्ये सरकारने निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० मानधनावर शाळेत बोलावलं, तेव्हा काठी टेकत गेलो. त्यातलं ३ महिन्यांचं मानधन अजून फाइलीत झोपलं आहे. घरची म्हणते, "काऊन जीव जाळता? पोट्टे आपले नाही अन् मीटरही आपलं नाही." तिला काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा. भाषण तुम्हाला बरं जमतं.

निवृत्तांनी समाजाचं ऋण फेडावं, असं प्रत्येक सत्कारात ऐकतो. फेडतो की! पण शिक्षक नेमणं, दिवा लावणं ही सरकारची कामं म्हाताऱ्यांच्या समाजसेवेत कधी जमा झाली? तालुक्यात शिक्षकांच्या शंभरेक जागा रिकाम्या असतील, कोणी दीडशे म्हणतं. मोजणार कोण? मोजणाऱ्याचीच जागा रिकामी.

१९५३ च्या नागपूर कराराच्या नावाने तुम्ही हिवाळ्यात अधिवेशनाला नागपुरात येता, मोर्चे अडवता, हुरडा खाता, परत जाता. १९८४ साली दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांची बाकी, मोजून दिला. त्याच साली मी नोकरीला लागलो. ३६ वर्षांनी मी निवृत्त झालो, अनुशेष अजून सेवेत आहे. त्याला वयाची अट नसावी.

सध्या १७ पोरं माझ्या ओसरीत एका बल्बखाली बसतात. हे बिल मी भरतो, काळजी नसावी.

शाल टपालाने पाठवली आहे. पोच तेवढी द्या.

आपला,
एक सेवानिवृत्त जि. प. शिक्षक