दादाच्या जीपआधी माझ्या ट्रकची हकिगत

सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया
१२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आप्पा यांस,

साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मागच्या रविवारी दादाने फोनवर आपल्या जीपचे मॅटाडोर व्हॅनचे जुने डिझेल इंजिन उतरवून तिच्यात नवे डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवण्याचा बेत सांगितला, आणि तुम्ही मागून "त्याला विचार, त्याने तिकडे हेच केलंय" एवढेच म्हणालात. जांबोटीत पाऊस लागला होता, आवाज तुटत होता, आणि तसेही हे काम फोनवर सांगण्याजोगे नाही. यात मापे आहेत, आकडे आहेत. दादा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नरसमोर उभा राहील तेव्हा त्याच्या हातात कागद असावा, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझा ट्रक म्हणजे १९९० सालचा टोयोटाचा फोर व्हील ड्राइव्ह पिकअप. इकडे एवढ्याशा गाडीलाही ट्रक म्हणतात; पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ऊस भरलेली गाडी आली होती. तो स्वस्तात मिळाला, कारण आधीच्या मालकाने रेडिएटरकडे लक्ष न देता तो तापत असतानाच दामटला होता. ऑइलची काडी काढून पाहिली तर तिच्यावर दुधाच्या चहाचा रंग. पाणी ऑइलमध्ये उतरले होते, आणि अशा इंजिनाचे बेअरिंग काय झाले असेल हे तुम्हाला मी सांगायला नको.

जुने इंजिन तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, व्ही आकाराचे. तेच पुन्हा बांधण्याऐवजी त्याच घराण्यातले पुढचे ३.४ लिटरचे इंजिन बसवायचे मी ठरवले. तुम्ही तीस वर्षे बोअरिंग मशीनवर काढलीत, तेव्हा ही गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल: दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक एकच, ८२ मिलिमीटर. फरक आहे तो फक्त बोअरमध्ये, जुन्याचा ८७.५ आणि नव्याचा ९३.५. म्हणजे २९५८ सीसीचे ३३७८ सीसी झाले आणि ताकद कागदोपत्री १५० घोड्यांवरून १९० वर गेली. घराणे एकच असल्यामुळे जुन्या इंजिनाचे माउंटिंग नव्याच्या ब्लॉकवर बसते, आणि जुन्या इंजिनामागे लागणारा मॅन्युअल गिअरबॉक्सही याच्या पाठीवर बोल्टला बोल्ट जुळतो. इंजिन मला मागून ठोकर बसलेल्या १९९९ च्या एका गाडीतून मिळाले. ते चेन ब्लॉकने उचलून चेसीत उतरवायला एक शनिवार पुरला. मागे एक्झॉस्टचा आडवा पाइप केबिनच्या पत्र्याला घासत होता, तेवढी पत्र्याची कडा हातोड्याने दाबून घेतली. इंजिनाबद्दल एवढेच. माझे चार महिने गेले ते बाकीच्या कामात, आणि दादाने नेमके तेच ऐकावे असे मला वाटते.

माझा ट्रक मुळात ऑटोमॅटिक होता. त्याचा गिअरबॉक्स आणि फोर व्हीलचा ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, एकाच देहात गुंतलेले, दोन्ही ऑइलच्या दाबावर चालणारे. एक काढला की दुसरा आपोआप गेला. म्हणून मी पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स त्याच्या ट्रान्स्फर केससकट एका भंगारवाल्याकडून घेतला आणि फार स्वस्तात काम झाले म्हणून खूश झालो. घरी आणून खाली ठेवल्यावर एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. क्लचचे पेडल नाही. क्लचचा मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर आणि त्यांच्यामधली नळी नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट नाहीत, कारण ऑटोमॅटिकचे बोल्ट वेगळे. गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी वेगळ्या जागी. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट लांबीला चुकीचे. गिअरचा दांडा वर यायला केबिनच्या तळात भोक हवे, ते नाही. हे सगळे मी सहा शनिवार वेगवेगळ्या भंगारवाड्यांत हिंडून गोळा केले आणि शेवटी हिशेब केला, तर तेवढ्या पैशांत अख्खी मोडकी मॅन्युअल गाडी दारात आली असती.

पायलट बेअरिंगची गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. क्रँकच्या मागच्या टोकाला जे लहानसे बेअरिंग असते, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचे नाक बसते, ते जुने झाले होते आणि काही केल्या बाहेर येईना. ओढायचे अवजार माझ्याकडे नव्हते. आमच्या शेजारी एक मेक्सिकन गृहस्थ राहतात, निवृत्त मेकॅनिक आहेत. त्यांनी खुणेने सांगितले की पाव भिजवून भोकात कोंब. पाव घरात नव्हता, आदल्या दिवशीची ज्वारीची भाकरी होती. ती पाण्यात कुस्करली, बेअरिंगच्या भोकात बोटाने ठासून भरली, भोकात बरोबर बसेल असा टेप गुंडाळलेला बोल्ट लावला आणि हातोडा मारला. भाकरीला मागे जायला जागा नाही, म्हणून ती बेअरिंगला मागून ढकलते. पुन्हा भरायची, पुन्हा मारायचे. चौथ्या वेळी बेअरिंग भाकरीच्या लगद्यासह माझ्या तळहातावर आले. तुम्ही ग्रीस वापरले असते हे मला माहीत आहे, पण ग्रीस नंतर पुसत बसावे लागते. सूनबाईंनी त्या दिवसापासून उरलेली भाकरी मोजून ठेवायला सुरुवात केली आहे.

वायरिंगवर सर्वांत जास्त रात्री गेल्या. जुन्या इंजिनात आत जाणारी हवा एका झडपेच्या हालचालीवरून मोजली जाई, नव्यात तापलेल्या तारेवरून मोजतात; म्हणून नव्या इंजिनाचे अख्खे वायरिंग आणि त्याचा कॉम्प्युटर आणून तो जुन्या गाडीच्या दिव्यांना, मीटरला आणि पंपाला जोडावा लागला. प्रत्येक वायरला मी कागदी टेप लावून मराठीत नाव लिहिले: पंखा, पंप, चार्जिंग, ऑइलचा दिवा. शेजारी मदतीला आले की टेपवर बोट ठेवून विचारत आणि मग स्पॅनिशमध्ये तोच शब्द सांगत. त्यावरून मला उद्यमबागेतले तुमचे टर्नर आठवले. ते कन्नडमध्ये बोलत, तुम्ही मराठीत, आणि दोघांच्या मधे व्हर्नियर असला की माप कधी चुकत नसे.

एवढे सगळे जोडून किल्ली फिरवली, तर स्टार्टरचा टकही आवाज नाही. बॅटरी नवी, अर्थिंग ठीक. दोन संध्याकाळी शोधल्यावर कळले की ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करणारा एक स्विच जुन्या गिअरबॉक्सवर होता, तो गिअरबॉक्सबरोबर भंगारात गेला, आणि गाडी अजून त्याच्या होकाराची वाट पाहत होती. ती वायर क्लच पेडलच्या स्विचवरून फिरवली आणि पहिल्या फेरीत इंजिन लागले. रिव्हर्सचे दिवेही त्याच जागेवरून जात होते, तेही तेव्हाच सरळ केले.

इकडचा कायदा आपल्यापेक्षा कडक आहे. कॅलिफोर्नियात इंजिन बदलायचे तर नवे इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचेच लागते, आणि त्या इंजिनाबरोबर कारखान्यातून आलेली धूर कमी करण्याची सर्व साधने जशीच्या तशी बसवावी लागतात. मग रेफरी म्हणून नेमलेले तपासनीस गाडी पाहतात. ही केंद्रे बहुधा कॉलेजांच्या आवारात असतात. माझ्या ट्रकची तपासणी तासभर चालली, दाराच्या खांबावर चिकटपट्टी लागली, आणि त्याच आठवड्यात मी त्याला सिएरा पर्वतावर सात हजार फुटांच्या वर घेऊन गेलो. चौथ्या गिअरमध्ये चढला.

आता आपल्या जीपबद्दल.

दादा इंजिनाच्या सीसीपासून सुरुवात करतो आहे. माझे म्हणणे असे की त्याने गिअरबॉक्सच्या लांबीपासून सुरुवात करावी. आपल्या जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर, अवघा ८० इंच आहे. तिच्यात आज तीन गिअरचा आखूड बॉक्स आहे, म्हणून मागच्या शाफ्टला पुरेशी लांबी मिळते. पाच गिअरचा लांब बॉक्स घातला की ट्रान्स्फर केस मागे सरकेल, मागचा शाफ्ट हातभर उरेल आणि त्याचा उतार इतका वाढेल की कणकुंबीच्या रस्त्यावर तो आपल्या सांध्यातले क्रॉस खात सुटेल. इंजिन पुढे सरकवून जागा करावी तर पंखा रेडिएटरला लागतो. तेव्हा आधी जमिनीवर खडूने ८० इंच आखून त्यात इंजिन, बॉक्स, ट्रान्स्फर आणि शाफ्ट एकापाठोपाठ ठेवून बघावे. पाचवा गिअर बसत नसेल तर चार गिअरचा आखूड बॉक्स घ्यावा; आपल्याला जीप चोर्ला घाटात चालवायची आहे, हायवेवर नव्हे.

दुसरी गोष्ट, आपल्या जीपच्या ट्रान्स्फर केसमधून शाफ्ट मधोमध निघत नाही, उजवीकडून निघतो, आणि म्हणून पुढच्या व मागच्या दोन्ही ॲक्सलचे गोळेही (डिफरन्शियल) उजवीकडे आहेत. दुसऱ्या गाडीचा ट्रान्स्फर केस आणला आणि त्याचा शाफ्ट मधून निघाला, तर मागचा ॲक्सल बदलावा लागेल, मग पुढचा, मग ब्रेकच्या नळ्या. जुना ट्रान्स्फर केस ठेवून नव्या बॉक्सला तो जोडणारी प्लेट करून घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. मॅटाडोर इंजिन बसवताना तुम्ही अशीच प्लेट उतरवून घेतली होती. तिचा नमुना किंवा कागद माळ्यावर असेल तर दादाला द्यावा. प्लेटमध्ये मध्य किंचितही सरकला तर पायलट बेअरिंग आणि क्लच दोन्ही सहा महिन्यांत बोलू लागतात, आणि हे काम डोळ्यांनी होत नाही, डायल लावूनच करावे लागते.

इंजिन घ्यायचे तर यांत्रिक पंपाचे घ्यावे. कॉम्प्युटरवर चालणारे कॉमन रेल इंजिन ताकदीला चांगले, पण त्याचे वायरिंग, सेन्सर आणि किल्लीची चिप सगळे सोबत येते. माझा अनुभव वर लिहिलाच आहे. आणि सुटे इंजिन घेऊ नये. शक्य असेल तर पाटे मोडलेली का होईना, अख्खी गाडी घ्यावी, म्हणजे पेडल, नळ्या, कंस, बोल्ट हे सगळे त्यातच मिळते, आणि काम झाल्यावर उरलेली गाडी भंगारात घालून काही पैसे परतही येतात.

ॲक्सलचा दात ५.३८ चा आहे, म्हणजे शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते; तो त्या काळच्या जोरात फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी ठीक होता. डिझेल तेवढे फिरत नाही, म्हणून तुमची जीप पन्नासच्या पुढे रडत असे. दादाची तक्रार खरी तीच आहे. पण जास्त वेग हवा तर आधी ब्रेक बघावेत. चारही चाकांना जुने ड्रम आहेत, आणि नव्या इंजिनाच्या जोराला ते पुरतील असे मला वाटत नाही.

कागदपत्रांचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवून घ्यावा लागतो. जीप पंधरा वर्षांच्या केव्हाच पुढे गेली आहे, दर पाच वर्षांनी फेरनोंदणी होते. तेव्हा नंबर जुळला नाही तर ती दारातच उभी राहील. आधीची मॅटाडोरची नोंद बुकात नीट आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. अर्ज कन्नडमध्ये असेल तर वहिनींकडून वाचून घ्यावा. दादा अंदाजाने सही करतो.

इंजिन उतरवण्यापूर्वी दादाने मला तीन मापे कळवावीत: इंजिनाच्या मागच्या तोंडापासून ट्रान्स्फर केसच्या मागच्या फ्लँजपर्यंतचे (शाफ्ट बोल्टने जोडतो त्या तबकडीपर्यंतचे) अंतर, तिथून मागच्या ॲक्सलच्या फ्लँजपर्यंतचे अंतर, आणि पंख्यापासून रेडिएटरपर्यंतची जागा. गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असताना घ्यावीत, जॅकवर नको. मापे तुम्ही धरावीत, दादाने लिहावीत.

आईला माझा नमस्कार सांगावा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काजूची पिशवी पोहोचली, अजून निम्मी शिल्लक आहे.

आपला आज्ञाधारक,
धाकटा