येत्या शब्बाथचे वाचन: पाराशा बेशलाह

सर्व सभासदांना शालोम.

येत्या शनिवारी, म्हणजे शब्बाथला (विश्रांतीच्या पवित्र दिवशी), सकाळच्या तेफिल्लात (प्रार्थनेत) तोरातील निर्गम १३:१७ ते १७:१६ हा पाराशा (आठवड्याचा वाचनाचा भाग) वाचला जाईल. समुद्र दुभंगल्यावर इस्राएलांनी गायलेले गीत याच पाराशात येते, म्हणून या शब्बाथला शब्बाथ शिरा (गीताचा शब्बाथ) म्हणतात. हफ्तारा (संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील जोडीचे वाचन) दबोरेच्या गीताची, शास्ते या ग्रंथाचा अध्याय ५.

गीत सुरू झाले की सर्वांनी उभे राहावे. मुलांना जरूर आणा आणि सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) उघडल्यावर जवळून पाहू द्या. हे गीत गुंडाळीत इतर मजकुरासारखे सलग लिहिलेले नसते. शब्द आणि मोकळ्या जागा विटांच्या भिंतीसारख्या एकाआड एक येतात. लहानपणी मी हे पहिल्यांदा पाहिले, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मान्नाची, म्हणजे रानात देवाने इस्राएलांना दिलेल्या अन्नाची, हकिकतही याच भागात आहे. शुक्रवारी दुप्पट मान्ना मिळे, शब्बाथला गोळा करायचा नसे. आपण शब्बाथच्या टेबलावर दोन भाकऱ्या ठेवतो, त्या याचीच आठवण. घरी मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे वाचन ऐकताना त्यांचे लक्ष लागेल.

तू बिश्वात (झाडांच्या नववर्षाचा सण) हाही याच सुमारास येतो. त्या दिवशी एलियाहू हन्नबींच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाने मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) करायचा आहे. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, सुका मेवा आणि फळे लागतील. कोण काय आणणार ते शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागल्यावर फोन घेतले जाणार नाहीत. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नबींच्या स्थानाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनीही तेव्हाच नावे द्यावीत. ज्येष्ठांना आणण्यासाठी ज्यांच्या गाडीत जागा असेल, त्यांनी आवर्जून सांगावे.