पेगू ‘जिवावर उदार’ नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आद्य वैमानिकांवर आलेल्या लेखात फ्रान्सच्या आदोल्फ पेगू यांची बोळवण ‘जिवावर उदार झालेला कसरतपटू’ एवढ्या शब्दांत केलेली पाहून वाईट वाटले.

१९ ऑगस्ट १९१३ रोजी पेगू यांनी ब्लेरिओ बनावटीचे एक जुने विमान वर नेले आणि पॅराशूट उघडून ते त्यातून बाहेर पडले. विमान हवेत निकामी झाले तर वैमानिक वाचू शकतो का, हे त्यांना पाहायचे होते. खाली उतरताना त्यांना दिसले, की सोडून दिलेले ते विमान एकटेच गिरक्या घेत, उलटेसुलटे होत चालले आहे. वैमानिकाविना विमानाला जे जमते, ते वैमानिक आत असताना का जमू नये, हा विचार त्यांच्या मनात आला तो तेव्हाच.

त्यापुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. उलटे उडण्यापूर्वी त्यांनी विमान जमिनीवरच उलटे ठेवून घेतले, स्वतःला आसनाशी पट्ट्यांनी करकचून बांधले आणि डोके खाली असताना बसण्याचा सराव केला. मगच १ सप्टेंबरला त्यांनी हवेत विमान उलटे चालवले आणि २१ सप्टेंबरला ब्यूक येथे उभी कोलांटी घेतली. विमान उलटले म्हणजे सारे संपले, असे मानण्याच्या त्या काळात उलटलेले विमान सरळ करता येते हे त्यांनी हजारो लोकांसमोर पुन्हा पुन्हा दाखवले. याला बेफिकिरी कसे म्हणावे?

पहिल्या कोलांटीचा मान मात्र लेखाने पेगू यांना दिला असला, तरी तो त्यांचा नाही. तो रशियाच्या प्योत्र नेस्तेरोव्ह यांचा. त्यांनी बारा दिवस आधी, ९ सप्टेंबरला, कीव्ह येथे ती घेतली होती आणि सरकारी विमान धोक्यात घातल्याबद्दल त्यांना प्रथम दहा दिवसांची कैद फर्मावण्यात आली होती.

ज्या कसरतींना जीवघेण्या म्हटले गेले, त्या सगळ्यांतून पेगू सुखरूप उतरले. ३१ ऑगस्ट १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, त्यांचा बळी घेतला तो महायुद्धाने. त्यांचे विमान पाडणारा जर्मन वैमानिक कांडुल्स्की युद्धापूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता.

आपला,
एक वाचक, नाशिक