चौकटीतला बिनधोकपणा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत घशातून करायच्या इकोवर, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय बघायच्या तपासणीवर, लेख आहे. त्यात ठळक चौकट: 'या तपासणीत कसलाही धोका नाही.' लेखकमहाशयांचे अभिनंदन. वैद्यकशास्त्राला आजवर जे साधले नाही, ते त्यांनी एका चौकटीत साधले.

ध्वनिलहरींनी काही होत नाही, मान्य. पण त्या सोडणारे टोक करंगळीएवढ्या नळीवर असते आणि ती नळी अन्ननलिकेत उतरवावी लागते. इजा होते ती नळीने.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची ही तपासणी झाली. ठोके अनियमित होते. शॉक देऊन ते ताळ्यावर आणण्याआधी हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी नाही ना, हे बघायचे होते. छातीवरून केलेल्या इकोत तो कोपरा नीट दिसत नाही, त्यामुळे तपासणी गरजेचीच होती. माझा राग आहे तो एका खुणेवर. फॉर्मवर प्रश्न होता, 'गिळताना त्रास होतो का?' आणि आमच्या हातात कागद येण्याआधीच 'नाही'वर खूण झालेली होती. ह्यांना वर्षभर घास छातीत अडकायचा, प्रत्येक घासामागे पाणी लागायचे. मी सांगायला तोंड उघडले, तर "काकू, इथे सही करा, डॉक्टर थांबलेत." केली सही. (माझंही चुकलंच.)

नळी दोनदा अडली आणि तिसऱ्यांदा गेली, हे आम्हाला नंतर कळले. दुपारी घसा दुखतो म्हटल्यावर "दोन दिवस दुखणारच." बहुतेकांचा तेवढाच दुखतो, हेही खरे. पण रात्री मान दुखायला लागली, ताप चढला. मी मानेवरून हात फिरवला तर कातडीखाली काहीतरी चुरचुरले. ती हवा होती! सीटी स्कॅनमध्ये अन्ननलिकेला बारीक चीर निघाली. आतला मार्ग आधीच आकसलेला होता, हेही तेव्हाच समजले. वेळेत सापडले म्हणून शस्त्रक्रिया टळली, तरी बारा दिवस तोंडात पाण्याचा थेंब नव्हता.

असे दहा हजारांत एखाददुसऱ्यालाच होते, हे मला नंतर अनेकांनी समजावले. १९९१ साली युरोपातल्या १५ केंद्रांनी १०,४१९ तपासण्यांचा हिशेब मांडला होता. त्यात मृत्यू एकच, तोही फुप्फुसातली गाठ अन्ननलिकेत शिरलेल्या रुग्णाचा, रक्तस्रावाने. मला मात्र त्यातला दुसरा आकडा मोलाचा वाटतो. २०१ जणांत नळी घालताच आली नाही. म्हणजे अडली तर थांबता येते! अन्ननलिकेचा आकस, गाठ, तिथली जुनी शस्त्रक्रिया, फुगलेल्या शिरा, हे आधी विचारायचे असते ते एवढ्यासाठीच. ही तपासणी शस्त्रक्रियेच्या टेबलावरही होते; तिथे भूल दिलेल्या माणसाला तर दुखते म्हणूनही सांगता येत नाही. घसा बधिर करायच्या बेन्झोकेनच्या फवाऱ्याने क्वचित रक्त चॉकलेटी होऊन ऑक्सिजन पोहोचवेनासे होते, तेही तुमच्या चौकटीत कुठे दिसले नाही.

लोकांनी घाबरून तपासणी टाळावी असे मी म्हणत नाही. ह्यांना पुन्हा सांगितली तर मीच घेऊन जाईन, फक्त फॉर्म मी भरीन.

आणि लेखासोबतचा फोटो पोटाच्या सोनोग्राफीचा आहे. हृदय तिथे नसते, एवढे तरी कुणी पाहायला हवे होते.

मागच्या खेपेस माझ्या पत्राचा मधला परिच्छेद आपण कापलात. या वेळी कापायचेच असेल तर सुरुवातीचे अभिनंदन कापा, फॉर्मवरच्या त्या खुणेला हात लावू नका.

आपली,
एक जुनी वाचक